सदतीस नंबरची गोष्ट

छत्तीस नंबरची गोष्ट दीड पानातच पडली. पहाटेचं वर्णन संपता संपेना, तेव्हा आधी प्रोफेसरची, मग आक्काची आणि शेवटी भिडस्त वहिनीचीही पेन्सिल टेबलावर आडवी झाली, आणि वाचणारी प्रोफेसरची मुलगी चिमणी "सोनेरी किरणांनी" एवढं म्हणून तिथेच गप्प झाली.

या घरात गोष्ट पडते ती अशी. नव्या लेखकांच्या अंकासाठी आलेलं सगळं लिखाण वर्षातून एका रविवारी सकाळी, छापखान्याच्या वरच्या खोलीत, मोठ्याने वाचलं जातं. एकाने वाचायचं, चौघांनी ऐकायचं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने हातात पेन्सिल उभी धरायची. कंटाळा आला तर बोलायचं नाही, सुस्कारे टाकायचे नाहीत, पेन्सिल आडवी ठेवायची. तिसरी पेन्सिल आडवी झाली की वाचन बंद. आक्काच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, मासिक काढलं त्या वर्षी ही रीत घातली. दादा गेले, त्यांच्या जागी बावीस वर्षांपूर्वी आक्का संपादक झाली, पण पेन्सिली काही सुटल्या नाहीत.

"सदतीस, शेवटची," चिमणी म्हणाली, आणि फोरमनने पेन्सिल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

फोरमन म्हणजे आक्काच्या पाठचा भाऊ. सोळाव्या वर्षी तो खालच्या मशीनवर उभा राहिला तेव्हा कामगारांनी थट्टेने दिलेलं हे नाव, आणि आता सत्तावन्नाव्या वर्षी बायको आणि चिमणी सोडून सगळं घर त्याला तेच म्हणतं. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांचं लिखाण छापलं. काय वाचतोस म्हणून कुणी विचारलं, तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "मी वाचत नाही, मी छापतो." घरातल्यांनी ते उत्तर खरं मानलं, आणि त्यात चूक कुणाची म्हणायची?

सदतीस नंबरची गोष्ट त्याची होती.

चिमणीने घोटभर पाणी पिऊन वाचायला सुरुवात केली. एका छापखान्यातला पोरगा लग्नाची पत्रिका छापतो आणि एकवीस तारखेच्या जागी बावीस घालून बसतो. पत्रिका वाटून झाल्यावर ते त्याच्या ध्यानात येतं. छापखाना बापाचा, आणि बाप असा की चुकीला हसून सोडून देणारा नव्हे. मग पोरगा खिशात पेन घालून दोनशे दहा घरं हिंडायला निघतो, प्रत्येक घरात पत्रिका मागून घ्यायची आणि हाताने तारीख दुरुस्त करायची.

पहिल्या पानावर प्रोफेसरची पेन्सिल हलली. पण प्रोफेसरने नुसता कान खाजवला. दुसऱ्या पानावर एक म्हातारा पत्रिका छातीशी धरून म्हणतो, "बावीसच राहू दे रे, एकवीसला मला जमत नाही," तेव्हा आक्का खळखळून हसली. वाचनात आक्का हसते ही काही साधी गोष्ट नव्हती. फोरमनला वाटलं, उठावं आणि गच्चीवर जाऊन दोन उड्या माराव्यात. लगेच वाटलं, आपलीच पेन्सिल आडवी करून टाकावी, म्हणजे सगळं एकदाचं थांबेल. यातलं काहीच त्याने केलं नाही. तो दगडासारखा बसून राहिला आणि चौथ्या पानावरचं एक वाक्य लांबलंय हे त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं.

शेवटच्या घराचं दार बंद असतं. पोरगा बराच वेळ उभा राहतो, मग एका चिठ्ठीवर खरी तारीख लिहून दाराच्या फटीतून आत सरकवतो आणि जिना उतरतो. गोष्ट संपली. चारही पेन्सिली उभ्या होत्या.

"चिमणे, शेवटचं पान परत वाच," आक्का म्हणाली. चिमणीने वाचलं. "अगं, कुठे होता हा माणूस इतकी वर्षं?"

"माणूस कशावरून? बाई असेल," प्रोफेसर म्हणाला. आक्का-फोरमनचा हा धाकटा भाऊ कॉलेजात शिकवतो, म्हणून दोन्ही शक्यता खुल्या ठेवतो.

"बाई नव्हे. शंभर घरी चहा प्यायला, पण चहा कुणी केला ते एकदाही लिहिलेलं नाही. साखर कमी होती एवढं मात्र लिहिलंय."

"ते खरं. पण अभ्यास केलाय पठ्ठ्याने. एखाद्या छापखान्यात जाऊन बसला असणार महिनाभर."

"फोरमन, तू सांग." आक्का त्याच्याकडे वळली. "छपाईचं सगळं बरोबर आहे ना? की उगाच ठोकून दिलंय?"

फोरमन टेबलाकडे बघत म्हणाला, "बरोबर आहे. म्हणजे, ती शाई. शाई एवढ्या लवकर वाळत नाही."

"तुझी शाई घेऊन बस तू!" आक्का उठून उभी राहिली. तिचे गाल लाल झाले होते, आणि बासष्ट वर्षांची ही बाई शाळकरी मुलीसारखी टेबलाभोवती फिरायला लागली होती. "दहा वर्षांत असं काही आलेलं नाही. चल गं, नंबर काढ. फोन लावू."

शेवटचं वाक्य वहिनीसाठी होतं. वहिनी म्हणजे फोरमनची बायको. आलेल्या लिखाणावरचं नाव कापून तिथे नंबर चिकटवायचा, आणि नाव-पत्ता-फोन नोंदवहीत उतरवायचा, हे काम तिचं. ती वही तिच्याशिवाय कुणी उघडत नाही. आणि सगळ्यांना आवडलेल्या गोष्टीच्या लेखकाला त्याच बैठकीतून, सगळ्यांना ऐकू येईल असा फोन लावायचा, हीही दादांचीच रीत. नव्या माणसाला आठ दिवस पत्राची वाट बघायला लावणं हा छळ आहे, असं दादा म्हणत.

वहिनीने वही जवळ ओढली, पण उघडली नाही.

तिला पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं. पाकिटावर नाव नव्हतं, कोपऱ्यात फक्त एक फोन नंबर होता. खालच्या मशीनरूमचा. घरातलं कुणीही हा नंबर लावत नसे. फोरमनला वर बोलवायचं तर जमिनीवर दोनदा पाय आपटायचा, एवढं पुरे. गिऱ्हाइकं आता मोबाईलवर बोलत. तो नंबर जगात एकाच माणसाला तोंडपाठ असेल, तर तो वहिनीला. कारण ते दोनशेदहावं घर तिचं होतं.

गोष्टीत बंद ठेवलेलं ते दार तिने उघडलं होतं. कानाच्या पाळ्या लाल झालेला एक मुलगा तारीख दुरुस्त करत होता आणि त्याचं पेन चालत नव्हतं. तिने विचारलं होतं, आणखी काही चुकलेलं सापडलं तर कुणाला सांगायचं? त्याने पत्रिकेच्या मागे हा नंबर लिहून दिला. त्या पत्रिकेत तिला पुढे वर्षभर चुका सापडत राहिल्या. फोन वाजला की दादा म्हणत, कागदवाला दिसतोय. आपल्या मुलाने केलेली चूक त्यांना शेवटपर्यंत कळली नाही, आणि सून कुठून आली तेही नीटसं कळलं नाही.

आता काय करावं? नंबर पुसट आहे म्हणून सांगता येईल. गोष्ट बिननावाची म्हणून बाजूला पडेल, आणि हा माणूस संध्याकाळी नेहमीसारखा खाली जाऊन मशीनच्या रुळांना तेल घालत बसेल. घरच्यांचं लिखाण मासिकात छापायचं नाही, हा दादांचा नियम तिच्याइतकाच त्यालाही पाठ होता. तरी त्याने गोष्ट टाकली होती. ज्याने कधी वाढलेल्या ताटात मीठही मागून घेतलं नाही, त्याने एवढं धाडस केलं होतं. वहिनीला त्याचा इतका अभिमान वाटला, की तिचे डोळे भरून आले.

"घे गं," ती चिमणीला म्हणाली, आणि बंद वहीवर हात ठेवून एकेक आकडा सांगितला.

काकूने वही उघडलीच नाही, हे चिमणीच्या लक्षात आलं नाही. तिचं सगळं लक्ष फोनमध्ये होतं. तिने नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. आक्काने केस सारखे केले, जणू पलीकडच्या माणसाला दिसणार होती. फोनमधून घंटी ऐकू आली, आणि त्याच वेळी पायाखालूनही एक घंटी ऐकू आली.

"मी बघतो," असं म्हणत फोरमन उठला. "कागदवाला असेल."

तो असा का उठला याचा खुलासा त्याला पुढे कधीच करता आला नाही. पाकिटावर तो नंबर त्यानेच लिहिला होता, लावताना त्यानेच ऐकला होता, आणि तरी खाली घंटी वाजल्याबरोबर चाळीस वर्षांची सवय त्याला जिन्यावरून ओढत घेऊन गेली. अर्ध्या जिन्यात त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण पावलं थांबली. पण वाजणारा फोन तसाच सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"हॅलो, मशीनरूम," फोन म्हणाला. जिनाही तेच म्हणाला.

"नमस्कार," आक्का फोनवर वाकून बोलत होती. "मी मासिकाची संपादक बोलतेय. आपली गोष्ट आम्हाला सर्वांना अतिशय..." ती थांबली. तिने फोनकडे बघितलं, मग जिन्याकडे, मग फोरमनच्या रिकाम्या खुर्चीकडे. प्रोफेसरचं तोंड उघडं राहिलं होतं.

चिमणीने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आत्याला शब्द न सुचताना पाहिलं. पण ते क्षणभरच. आक्का परत फोनवर वाकली आणि कुठल्याही नव्या लेखकाशी बोलावं तशा अदबीने म्हणाली, "आपण जरा वर येता का?"

फोरमन वर आला तेव्हा खोलीत गोंधळ माजला होता. चिमणीने धावत जाऊन काकाला मिठीच मारली. "काका, तुम्ही? तुम्ही लिहिलीत? आणि मला नुसतं वाचू दिलंत!" प्रोफेसर हसत होता, पण ते हसू मधेच कुठेतरी अडकत होतं.

"सत्तावन्नाव्या वर्षी नवोदित!" तो म्हणाला.

"पहिलीच गोष्ट आहे ना? मग नवोदितच. वयाची अट कुठेय?" चिमणी त्याच्यावर उसळली.

"वयाची नाही, घराची आहे. मी बावीस वर्षांचा असताना दादांना कविता दिल्या होत्या. त्यांनी काय केलं माहितेय? 'साभार परत'ची छापील चिठ्ठी लावून, तिकीट लावून, पोस्टाने याच घरी पाठवल्या. मी खालच्या खोलीत, ते वरच्या खोलीत! तेव्हा नियम होता, मग आता का नाही?"

"बाबा, तुमच्या कविता मी वाचल्यात. तिथे नियमाची गरज नव्हती."

प्रोफेसरच्या चेहऱ्यावर काहीतरी हिशेब बदलल्यासारखं दिसलं. "पण तसं बघितलं तर," तो सावकाश म्हणाला, "नियम एकदा मोडला तर सगळ्यांसाठीच मोडतो. नाही का? माझा फोरमनला पाठिंबा आहे. अजून थोड्या कविता असतील माझ्याकडे."

"आधी जागेचं बघा," आक्का कोरडेपणाने म्हणाली. "आठ गोष्टींची जागा आहे आणि आठ निवडून झाल्यात. ही घ्यायची तर एक जाणार. सगळ्यांत काठावर निवडलेली बारा नंबर."

चिमणीचा चेहरा खाड्कन उतरला. बारा नंबर तिची होती, म्हणजे तिने भांडून ठेवलेली होती. दोन पेन्सिली आडव्या झाल्यावर तिने आवाज चढवून वाचली होती आणि तिसरी पडू दिली नव्हती. कोण कुठली, रात्रपाळी करून येणारी एक मुलगी असावी, आणि तिचं पहिलंच लिखाण.

"बारा नाही काढायची," ती म्हणाली. मग काकाकडे न बघता, "सॉरी, काका. पण ती नाही काढायची. तिचा काका छापखान्यात नाहीये."

"बघा, फिरली," प्रोफेसर म्हणाला.

"पानं वाढवता येतील ना?" वहिनीने नवऱ्याला विचारलं. "सांगा ना तुम्ही. एवढं सगळं तुमच्याच हातात आहे."

सगळे फोरमनकडे बघायला लागले. एक शब्द खोटा बोलला असता तर काम झालं असतं, कारण कागदातलं त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं.

"सहा पानं नाही वाढत," तो म्हणाला. "वाढवायची तर एकदम सोळा, एका मोठ्या कागदाची तेवढी होतात. आणि कागद कापून झालाय. गोष्टी, पुस्तकांची ओळख, आक्काचं सहा पानी संपादकीय, सगळं धरून मीच कापलाय." तो आक्काकडे वळला. "बारा नंबर काढू नकोस, आक्का. ती चांगली आहे. पण..." त्याचा आवाज एकदम फाटला. "पण मला छापून हवंय. मला खरंच फार हवंय."

आक्काला हे वाक्य छातीत लागलं.

या भावाने आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि तिने कधी विचारलंही नव्हतं. दुसरंही एक तिला आठवलं. तिच्याकडे तरुणपणी एक जाड वही होती. प्रोफेसरने निदान कविता दिल्या आणि नकार तरी घेतला. तिने दादांना वही दाखवलीच नाही, कारण नियम माहीत होता आणि मुलगी शहाणी होती. पुढे ती संपादक झाली, लोकांच्या गोष्टी घासूनपुसून छापत राहिली, आणि आपल्याला मुळात लिहायचंच नव्हतं असं तिने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की ते तिला पटलं. आता तिला फोरमनचा हेवा वाटत होता आणि आनंदही होत होता. दोन्ही इतकं मिसळलं होतं, की वेगळं करणं तिला जमेना.

पण ती संपादक होती. "शेवट नाही जमलेला," ती म्हणाली.

"काय?"

"दार बंद का? वाचणारा दोनशे दहा घरं तुझ्याबरोबर हिंडतो आणि तू त्याला दारातून परत पाठवतोस. दार उघड. आत कुणीतरी असू दे. एवढं केलंस तर जागेचं मी बघते."

"मीही तेच म्हणणार होते," वहिनी घाईने म्हणाली. "आणि आत मी होते! मी उघडलं होतं दार." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या, आणि मग पाच मिनिटं जी काही आरडाओरड झाली, तिच्यात एकाचंही बोलणं दुसऱ्याला कळलं नसेल. "म्हणजे ते कागदवाल्याचे फोन..." आक्का म्हणत होती. चिमणी टाळ्या पिटत होती. प्रोफेसर "वहिनी, तुम्ही?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"मग उघडा की आता दार," वहिनी शेवटी नवऱ्याला म्हणाली. "खरं तेच लिहायचं आहे. आणि छापूनही येईल."

फोरमनने आधी तिच्याकडे बघितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आपल्याकडे उघडलं," तो म्हणाला. "गोष्टीत नाही उघडत."

"अहो, पण का?"

"त्या पोराला कुठे माहितेय, आत कोण आहे ते? उघडलं, तर तो नुसता नशीबवान ठरतो. नाही उघडलं, तरीसुद्धा त्याने चिठ्ठी टाकली. घाबरट पोरगा, बापाला भिऊन निघालेला, आणि शेवटच्या दारी बघणारं कुणीच नसताना त्याने काम पुरं केलं. मला ते सांगायचंय."

"आणि मी म्हटलं, की बदलल्याशिवाय छापणार नाही?" आक्काने विचारलं.

वहिनीने डोळे मिटून घेतले. फोरमनने टेबलाची कड धरली. एवढी वर्षं तो प्रुफांत शेवटच्या क्षणी अडून बसणाऱ्या लेखकांना शिव्या घालत आला होता.

"मग नको छापूस," तो म्हणाला.

आक्का भावाकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा उजळत गेला.

"झाला," ती म्हणाली. "हा लेखक झाला. एक शब्द बदलायचा नाही कुणी." तिने अंकाच्या पानांचा आराखडा समोर ओढला आणि सुरुवातीच्या सहा पानांवर लिहिलेलं 'संपादकीय' एका फराट्यात खोडलं. "घरचं घरच्यांच्या जागेत. बाहेरच्या कुणाचं पान जात नाही, म्हणजे दादांनाही बोलायला जागा नाही."

"आक्का, तुझं संपादकीय?" फोरमन दचकला. "बावीस वर्षांत एकदाही..."

"बावीस वर्षांत एकदाही कुणी वाचलं नाही," प्रोफेसर म्हणाला, आणि सगळ्यांत मोठ्याने आक्काच हसली. चिमणीने काकाचे दोन्ही हात धरून त्याला गर्रकन फिरवलं. वहिनी पदराने डोळे पुसत होती आणि दार बंद ठेवल्याबद्दल आपण आठ दिवस तरी बोलणार नाही, असं सांगत होती. ते तिला स्वतःलाही खरं वाटत नव्हतं.

"नाव राहिलं," आक्का म्हणाली. "पाकिटावर तू नावच घातलं नाहीस. काय घालू? टोपणनाव हवं असेल तर आत्ताच सांग."

फोरमन टेबलापाशी येऊन उभा राहिला. लोकांची हजारो नावं त्याने छापली होती, लहान अक्षरात, मोठ्या अक्षरात, काळ्या शाईत, लाल शाईत.

"टोपण नको. पूर्ण घाल," तो म्हणाला. "मधलं नाव गाळू नकोस."

आक्काने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग तिने लिहिलं. आधी भावाचं नाव, मग दादांचं, मग आडनाव. एका ओळीत सगळं नीट मावलं.